परवान्यातली तिसरी ओळ

यूनुस परकारच्या अरबी वाचनाला ओमानमधल्या त्या बांधकाम कंपनीत तोड नव्हती. दापोलीकडच्या मदरशात लहानपणी घोटलेली अक्षरं आणि त्यात तो खणखणीत आवाज. बलदियाचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, कागद आला की साहेब तो सरळ यूनुसच्या हाती देत. यूनुस चष्मा पुसून असा वाचायला लागे की फिटर मंडळी हातातला पाना खाली ठेवून ऐकत. अर्थ मात्र बावीस वर्षांत एकानेही विचारला नव्हता, आणि ते फार बरं होतं. कारण अर्थ यूनुसला कळत नव्हता. कामापुरतं बोलायचं अरबी त्याला येई, पण सरकारी कागदातलं अरबी त्याच्या डोक्यावरून जाई.

इझ्कीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला अहमद अर्बाबची (मालकाला तिकडे अर्बाब म्हणतात) खजुराची बाग होती. शहराची गटारलाइन तिथून कितीतरी मागेच संपलेली. बागेत पाहुण्यांसाठी दोन खोल्या, दोन बाथरूम आणि मैल्याची टाकी बांधायची होती. एवढ्या आडरानात कोण बघायला येतंय, असं सगळ्यांचंच मत. पण अर्बाब सरळ माणूस, त्याने रीतसर परवाना काढला. तो आला तेव्हा यूनुसने सिमेंटच्या गोणीवर बसून सातही अटी एका दमात वाचून दाखवल्या.

"यूनुसभाय, टाकी किती लांब ठेवायची, काय लिवलंय?" एकनाथने विचारलं. एकनाथ गुहागरकडचा, यूनुसच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलेला.

"परवानगी हाय रे. घे खजुराखाली, माती भुसभुशीत हाय तिथं."

एकनाथने चुन्याची फक्की मारली आणि दोन दिवसांत खड्डा तयार झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला सावलीत गेले असताना हमूदबाबा काठी टेकत आले. गावाच्या फलजची राखण त्यांच्याकडे. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट, काही उघड्यावरून तर काही जमिनीखालून वाहणारा. तरुणपणी मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारात हिंदी व्यापाऱ्याकडे काम केल्याने म्हातारबांचं हिंदी झकास होतं.

"ये गड्ढा किसने खोदा?"

"परमिट है, बाबा," यूनुसने ऐटीत कागद पुढे केला.

हमूदबाबांनी तो वाचला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि खड्ड्याच्या काठावर काठी आपटली. "फलज इधर नीचे से जाता है. पूरा गाँव पीता है. इसमें लिखा है, फलज से तीस मीटर दूर, ऊपर वाला हो या नीचे वाला. तुमने पढ़ा नहीं?"

यूनुसने वाचलं होतं. त्याच्याइतकं सुरेख कुणी वाचलंच नसतं.

हमूदबाबांनी फोन लावला आणि तासाभरात अर्बाबची गाडी धुरळा उडवत आली. अर्बाब आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. खड्ड्याकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "निशाण किसने लगाया?"

"मैंने, अर्बाब," एकनाथ म्हणाला.

"खलास. कल से ये आदमी मेरे बाग में नहीं."

बागेतून काढला म्हणजे कंपनीतूनही काढल्यातच जमा. एकनाथने मान खाली घातली. यूनुसकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तेच यूनुसला झोंबलं. तोंड बंद ठेवलं असतं तर यूनुसचं नाव शाबूत राहिलं असतं. नऊ माणसं बघत होती, आणि त्या नऊजणांच्या डोळ्यांत बावीस वर्षांची इज्जत होती.

"अर्बाब, इसने मुझसे पूछा था," तो म्हणाला. "जगह मैंने बताई. मुझे अरबी पढ़ना आता है, समझना नहीं आता. कभी नहीं आया."

कुणी हसलं नाही. अर्बाबने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "एकनाथ रहेगा," तो शेवटी म्हणाला. "तुम गड्ढा भरो. उधर पत्थर में खोदो."

यूनुसने तो खड्डा स्वतःच्या हाताने भरला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. पलीकडे कातळ होता. ब्रेकर चालवून हातांना मुंग्या येत, बोटभर खोल जायला अर्धा तास लागे. दुपारी बाकीचे आडवे झाले की यूनुस हमूदबाबांसमोर बसे, एकेक ओळ विचारी आणि तिच्याखाली पेन्सिलीने मराठीत अर्थ लिही. पन्नाशीच्या माणसाने पुन्हा शाळेत बसावं तसं चाललं होतं, आणि तो अजिबात लाजत नव्हता.

नवव्या दिवशी बलदियाचा माणूस टेप घेऊन आला. फलजपासून नव्या खड्ड्यापर्यंत माप भरलं चौतीस मीटर. त्याने सही केली. हमूदबाबांनी पाटाच्या वरच्या अंगाचं, जिथून गाव प्यायला घेतं तिथलं पाणी वाडग्यातून आणलं आणि सगळ्यांत आधी यूनुसपुढे धरलं. यूनुसने ते उभ्याउभ्या संपवलं. ते पाणी घशाखाली उतरताना त्याला आपला एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या बागेचं काम निघालं. नवा परवाना आला, मंडळी सवयीने पाने खाली ठेवून बसली. यूनुस वाचू लागला. एक ओळ अरबीत, मग तीच मराठीत. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, मध्येच अडत होता. पाचव्या अटीत एका शब्दावर तो थांबला.

"ह्या शब्दाचा अर्थ मना ठाव नाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि त्याने हमूदबाबांना फोन लावला.

पलीकडून उत्तर यायचं होतं. एकनाथने चुन्याचं घमेलं उचललं नव्हतं, तो वाट बघत होता.