पाठमोऱ्या बाईंचे वाक्य

मी एक जुना मायक्रोफोन आहे. डबिंगच्या खोलीत एका पायावर उभा असतो. नट-नट्या पडद्यावर स्वतःचे तोंड पाहतात आणि माझ्याशी बोलतात. मित्रांनो, सिनेमात तुम्ही जे ऐकता, त्यातले बरेचसे माझ्या पोटातून गेलेले असते.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात केसाहून पातळ पडदा बसवला आणि तपासणाऱ्या बाईने माझ्यापुढे नुसता श्वास घेतला. मीटरचा काटा हलला. "पास," ती म्हणाली. तेवढ्यावर माझी इकडे रवानगी झाली.

इथल्या ध्वनिमुद्रक काकांनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. तेव्हा बोलणे कमी आणि बाकीचीच कामे फार असत. पेल्यात पाणी ओतणे, कुणी गिळलेला आवंढा. एकदा नोकरी गेलेला बाप घरी येऊन बूट काढतो, असा प्रसंग होता. काकांनी फक्त नाडी सुटल्याचा आवाज घेतला. थिएटरात लोक रडले म्हणे. मी फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

पुढे सिनेमांना उपदेशाची खोड लागली. खलनायकच सांगू लागला की लोभ वाईट. मरणारा माणूस मरता मरता पाणी वाचवायला सांगू लागला. ताकाला जाऊन भांडे लपवू नये हे खरे, पण ही मंडळी भांडे बडवतच यायची. सुरुवातीला माझा पडदा शहारायचा. मग सवय झाली. आता काहीच वाटत नाही. काकाही हेडफोन कानावरून थोडा सरकवून बसतात.

गेल्या महिन्यात एका दुपारी एक वयस्क नटी आल्या. त्यांना आम्ही बाई म्हणतो. चाळीस वर्षे त्यांनी शेजारीण, नर्स, नायकाची मावशी अशीच कामे केली. आता पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली होती. मुलगा आईला वृद्धाश्रमात सोडायला निघतो, त्या सकाळचा प्रसंग पडद्यावर लागला. बाई आपल्याकडे पाठ करून मुलाच्या स्वेटरची घडी घालतात, उलगडतात, पुन्हा घालतात. बस्स, एवढेच.

पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. त्यामुळे आमच्या धंद्यात त्याच्या तोंडी मागाहून काहीही घालता येते. तरुण दिग्दर्शकाने एक कागद पुढे केला.

बाईंनी चष्मा लावून वाचले. "'मुलांनो, आईवडील ओझं नसतात, ते घराचा पाया असतात.' हे इथे?"

"हो मावशी. लोकांना कळलं पाहिजे ना."

"अरे, चाळीस वर्षं लोकांना काही ना काही सांगतच आले. पहिल्यांदा गप्प राहायचं काम मिळालंय. तेवढं ठेव की रे." काकांनी हेडफोन नीट बसवला.

दिग्दर्शक काही वाईट नव्हता. तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. "मलाही तो शॉट आवडतो, मावशी. पण माझ्या आईला दाखवला, तर तिलाही नाही कळला."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. संपल्यावरही नुसती बसून राहिली. चहा दिला, तोही घेतला नाही. मग म्हणाली, जरा जाऊन पडते."

काका काचेमागून बाईंकडे पाहत होते आणि बाई दिग्दर्शकाकडे.

"मग तू काय केलंस?"

"मग काय, लगेच बसून हे वाक्य लिहिलं."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि वाक्य म्हणाल्या.

"जरा ठासून, मावशी."

तिसऱ्या खेपेला त्याला पसंत पडले. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. शब्द आत आले आणि तारेतून निघून गेले. काकांनी फडक्याने माझी जाळी पुसली. दिग्दर्शक कागदाची घडी खिशात ठेवत खुशीत म्हणाला, "आता आईला नक्की कळेल."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शेवटी काहीतरी मागायचे असते. मला नवे फडके नको, कौतुकही नको. पण तुमच्या घरी कुणी चहा तसाच ठेवून आत जाऊन पडले, तर जरा मागोमाग जा.