मयताला ॲडव्हान्स नाही

नवीन गिऱ्हाईक आलं की हरिश्चंद्र पाटकर आधी त्याचे पाय बघत आणि मग चेहरा. ज्याला पैसे द्यायचे नसतात ते नेमकं बाहेर चपला काढून, वाकून, 'काका' म्हणत आत येतं, असा त्यांचा हिशेब होता. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान. कुठला भावी नगरसेवक किती बुडवणार, हे ते फोटोतल्या गॉगलवरून सांगत. अनोळखी माणूस 'अर्जंट' म्हणाला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "घाई तुमची, निम्मे पैसे आधी."

फक्त मयताच्या फ्लेक्सला ॲडव्हान्स नव्हता. वडील हातानं बोर्ड रंगवायचे तेव्हापासूनची ही रीत. सुतकातल्या घराकडे मागायचं नाही. तेरावं झालं की ते आपणहून येऊन देतात. आणि देत. वाढदिवसवाले बुडवत, मयतवाले कधीच नाही. खाली कोपऱ्यात हरिश्चंद्रांचं नाव असलं की आसपासच्या गावांत माणूस गेला हे पक्कं धरलं जाई. त्यांना या गोष्टीचा गुपचूप अभिमान होता.

एका संध्याकाळी दर्शन नावाचा पोरगा आला, चपला काढून.

"काका, पहाटे मिळायला पायजे. मोठा. फोटोवाला."

"कसला?"

"असाच. पैसे उद्या देतो. मुंबईची माणसं यायचीत, त्यांच्याकडून घेऊन लगेच."

"मग ती आली की छापू. मशीनला पण जरा मुंबईची माणसं बघू दे."

संगणकावर बसलेली नम्रता खुदकन हसली. पोरगा ओशाळून बाहेर गेला. समोरच्या टपरीवर त्यानं चहा घेतला, टपरीवाल्याशी काहीतरी बोलला आणि परत आला तो चेहरा पाडूनच.

"काका, मघाशी सांगवलं नाही. माझे चुलते गेले. बाबू मांडवकर. लांज्याच्या अलीकडे गाव आमचं."

हरिश्चंद्र चटकन उठले. त्याला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. मघाच्या विनोदाची त्यांना लाज वाटत होती. नम्रतानं मोबाइलमधला लग्नातला फोटो घेतला, फेटा कापला, हार चढवला.

"तारीख कुठली टाकू?"

"उद्याची," दर्शन म्हणाला.

"उद्याची?"

"म्हणजे... आजचीच टाका."

वाढदिवसाच्या गिऱ्हाइकानं असं काही म्हटलं असतं तर हरिश्चंद्रांनी त्याला तिथंच सोलून काढलं असतं. आता ते नम्रतावरच डाफरले, "माणूस दुःखात आहे, उलटतपासणी कसली घेतेस?"

तेराव्याच्या सुमारास एक बाई आली. हात बोडके, कपाळ कोरं, काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. हरिश्चंद्रांनी ओळखलं.

"बसा वहिनी. पैशांची काही घाई नव्हती हो."

"पैसं नाय आणलं. ह्यो तुमचाच ना? खालचं नाव वाचून घेतलं मी."

"आमचाच. बाबूरावांचं ऐकून फार..."

"पडवीत बसलेत ते," बाबूंची बायको मालन म्हणाली. "बिडी ओढत."

नम्रताचा हात माउसवरच राहिला.

मग मालननं सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, रात्र निघणं कठीण. मुंबईची माणसं सकाळी उतरणार, त्यांना सगळं वेळेवर केलेलं दिसायला हवं, म्हणून दर्शननं पहाटे नाक्यावर फ्लेक्स बांधला आणि तो परत दवाखान्याकडे पळाला. घरी मात्र त्यानं 'सुधारतायत' असंच कळवलेलं. मालन पेजेचा डबा घेऊन, नवऱ्याला बघायला, त्याच नाक्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली.

"वर बगते तर हे. मला वाचता येत नाय, पण हार कळतो. खालचं तुमचं नाव नाक्यावरच्यांनी वाचून दाखवलं. फ्लेक्सच्या खांबावरच बांगड्या फोडल्या मी. दुपारी फोन आला, डोळं उघडलं म्हणून."

"मग चांगलंच झालं की, वहिनी!"

"घरी आले नि पयलं माझं हात बगितलं. म्हणाले, एवढी घाई झालेली तुला? परत भरते म्हटलं तर म्हणतात, कशाला, पुन्हा फोडायच्याच ना? माझ्या हातचं पाणी घेत नायत. दर्शन सांगतो, दुकानवाल्याची चूक. तुमी चला. तुमचं नाव ऐकून मी खरं मानलं, एवढंच सांगा त्यांना."

हरिश्चंद्रांनी दुकान नम्रतावर सोडलं आणि ते एसटीत बसले. पडवीत बाबू मांडवकर खांबाला टेकून बसले होते. फोटोपेक्षा बरेच वाळलेले. हरिश्चंद्रांनी सगळं सांगितलं: छापला कुणी, सांगितलं कुणी, आपण तारखेचा गोंधळ ऐकूनही गप्प कसे बसलो. म्हाताऱ्यानं हातातली बिडी विझवली.

"बांगड्या फोडायला तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही. पण लोक आमच्या नावावर विश्वास..."

"मग झालं तर." त्यांनी उशीखालून नोटा काढल्या. "मयताचे पैसे ना? घ्या. तुमचे तरी बुडायला नकोत."

हरिश्चंद्रांचा हात पुढे झाला नाही. बाबूंनी नोटा त्यांच्या चपलांवर ठेवल्या. मालननं पाण्याचा तांब्या आणून नवऱ्याजवळ ठेवला. त्यांनी तो सरकवून पाहुण्यापुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती दारात उभीच होती, हात पदराखाली घेऊन.

दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडता उघडता एक माणूस आला. तो अनवाणीच होता, पण हरिश्चंद्रांनी आता पाय बघणं सोडलं होतं.

"आई गेली. फ्लेक्स हवा होता, आजच."

"निम्मे पैसे आधी लागतील."

माणसानं मुकाट्यानं खिशात हात घातला.

"आणि," हरिश्चंद्र नोटा घेता घेता म्हणाले, "गेल्या ते तुम्ही स्वतः बघितलंत? की कुणी सांगितलं?"



"मांडीवर होती माझ्या," तो म्हणाला.

नम्रतानं मान खाली घातली. हरिश्चंद्रांनी नोटा मोजल्या आणि विचारलं, "तारीख?"