बगळे हरले तो उन्हाळा

मी एक जुना हातमोजा आहे. मित्रांनो, थंडीत घालतात तसला लोकरीचा नव्हे. मी बेसबॉलच्या कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, हातमोजा. गाईचे जाड चामडे, आत दाबून भरलेला नमदा आणि मधोमध चेंडू बसेल एवढा खळगा. आता माझी शिवण उसवली आहे, अंगठ्याजवळ उंदराने कुरतडले आहे. पण मला माझे रडगाणे गायचे नाही. मला सांगायचे आहे ते एका माणसाच्या हाताबद्दल, आणि ज्या उन्हाळ्यात आमचा संघ हरत गेला त्या उन्हाळ्याबद्दल.

मला विकत घेतले ऑगी द्रोबनिकने. तेव्हा मी लाकडासारखा ताठ होतो. ऑगीने मला तेल चोळले, माझ्या पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळले आणि गादीखाली सरकवले. त्याची बायको रोझालिया वैतागून म्हणाली, "आता हा तिसरा झोपणार का आपल्यात?"

"आठवडाभरच," ऑगी म्हणाला. "मऊ झाला की जाईल."

मी मऊ झालो आणि पुढची अकरा वर्षे त्याच्या डाव्या हातात राहिलो. ऑगी मोठ्या शहरांतल्या मोठ्या संघांपर्यंत कधी पोचला नाही. लहान लहान गावांचे पगारी संघ असतात, त्यांत तो खेळे, आणि हिवाळ्यात काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करी. शेवटी तो आपल्याच गावच्या, कोर्विनच्या, संघात आला. संघाचे नाव हेरन्स, म्हणजे बगळे. नदीकाठचे गाव, म्हणून बगळे.

त्या वर्षी ऑगीचे गुडघे गेले होते. फलंदाज उभा राहतो त्या प्लेटमागे उकिडवा बसला की त्याच्या हाडांचा आवाज मला ऐकू येई. घरोघरी टीव्ही आले होते, त्यामुळे बाकांवर माणसे कमी आणि कबुतरे जास्त. पहिल्या महिन्यातच आम्ही तळाला गेलो.

हरणे कसे असते, सांगू? पहिले काही सामने हरलो की खेळाडू भांडतात. बॅट आपटतात, पंचाला शिव्या देतात. ते बरे असते. पुढे कुणी भांडत नाही. सामना संपला की सगळे मुकाट्याने बूट काढतात, आणि कुणीतरी हसला तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात, जणू तो मयताला आलेला असताना हसला. आमचे तसे झाले होते. प्रेक्षक मात्र बोलत होते. भट्टीवरचा जाडा मॅक्निफ रोज तिसऱ्या रांगेत बसे आणि ओरडे, "अरे, चेंडू आहे तो, निखारा नाही! हात लावा की!"

आणि मग डेल्बर्ट स्पर्लॉक आला.

केंटकीच्या कोळशाच्या डोंगरांतला बावीस वर्षांचा पोरगा. मान लांब, मनगटे शर्टाच्या बाहीबाहेर आलेली. घरची सगळी पुरुष माणसे खाणीत. त्याने पहिल्याच दिवशी सरावाचा चेंडू फेकला आणि तो माझ्या खळग्यात असा बसला की मैदानभर आवाज घुमला. गवत कापणारा माणूससुद्धा यंत्र थांबवून बघू लागला.

ऑगीने तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर केला. "पोरा, हे कुठे शिकलास?"

"खारींना दगड मारून," डेल्बर्ट म्हणाला. "आमच्याकडे गोळ्या महाग."

"खारी राहिल्या का डोंगरावर?"

"लंगड्या आहेत थोड्या, म्हाताऱ्या."

त्या दिवसापासून तो ऑगीला म्हाताऱ्या म्हणे आणि ऑगी त्याला पोरा.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा बहुधा अख्खा सामना एकटाच फेकतो आणि मग काही दिवस विश्रांती घेतो. डेल्बर्ट फेकायचा त्या दिवशी बगळे जिंकायचे. बाकीच्या दिवशी हरायचे. मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही, मी त्याच्या दिवसांची वाट बघत असे. ऑगीही बघे. त्या दिवशी तो घरून निघताना शीळ घाली. रोझालिया म्हणे, "आज गुडघे कुठे ठेवून निघालास?" बाकांवर माणसे येत. मॅक्निफ गप्प बसे. आमचा मॅनेजर हॉबर्ट क्रेल, ज्याला सगळे स्किप म्हणत, दात कोरत हसे. डेल्बर्टला विश्रांती कमी मिळू लागली. पाच दिवसांनी फेकायचा तो चार दिवसांनी फेकू लागला, मग तीन.

जूनमध्ये एका दुपारी, खेळ अर्धा झाला असताना, मला फरक जाणवला. आवाज तोच होता. बाकांवरून कुणाला काही कळले नसते. पण चेंडू माझ्यात शिरताना शेवटी जो एक जिवंत धक्का देई, तो नव्हता. चेंडू यायचा आणि थांबायचा. माझ्या आत ऑगीचा तळहात होता. बोटे क्षणभर ताठ झाली. मग त्याने चेंडू काढून परत फेकला, आणि खाली बसून बोटांनी पुन्हा वेगाच्याच चेंडूची खूण केली; कोणता चेंडू फेकायचा ते कॅचर सुचवतो. तो सामना आम्ही जिंकलो.

तो काही बोलला नाही. मी तर बोलू शकतच नाही.

जुलैत डेल्बर्ट केस विंचरताना डावा हात वापरू लागला. एका सामन्यात त्याने दोन चेंडू फेकले आणि कोपर शरीराशी दाबून धरले. ऑगी उठून, चेंडू फेकणारा उभा राहतो त्या उंचवट्यावर, त्याच्याकडे गेला. तिथे दोघे बोलतात तेव्हा ओठ दिसू नयेत म्हणून हातमोजा तोंडासमोर धरतात. ते बोलणे दोघांखेरीज फक्त मी ऐकत असे.

"दुखतंय?"

"नाही."

"पोरा, मी काय विचारतोय ते कळतंय का? दुखतंय?"

डेल्बर्टने जमिनीवर बूट घासला. "आत सुई टोचल्यासारखं होतं. गेल्या आठवड्यापासून. जाईल. तू स्किपला सांगू नकोस."

"थांबायला हवं तुला."

"थांबलो तर घरी. घरी म्हणजे खाण. माझा मोठा भाऊ तिसाव्या वर्षी खोकताना रक्त टाकतो, म्हाताऱ्या. सांगू नकोस. तुला आईची शप्पथ."

ऑगी परत आला आणि त्या दिवसापासून त्याने वेगळेच सुरू केले. तो वेगाच्या चेंडूची खूण करीच ना. संथ, वळणारा, संथ. हाताला कमी ताण पडेल असे. फलंदाजांना काय, सणच झाला. त्यांनी आम्हाला बदडले. डेल्बर्टच्या दिवशीही बगळे हरू लागले. मॅक्निफ पुन्हा ओरडू लागला, "द्रोबनिक, तुझी खूण करणारी बोटं भट्टीत घाल!"

क्रेलने ऑगीला आपल्या खोलीत बोलावले. मी ऑगीच्या काखेत होतो.

"त्याला हळू फेकायला कोण लावतंय? तू?"

"त्याचा हात गेलाय, स्किप. महिनाभर बसव त्याला."

क्रेलने दार लावले. "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"डोळे आहेत मला. आता ऐक. रविवारी मोठ्या संघाचा माणूस येतोय, त्याला बघायला. आवडला तर घेऊन जातील. पोराचं भलं होईल आणि त्याच्यासाठी ते देतील त्या पैशांवर हा संघ पुढच्या वर्षी चालू राहील. त्यांच्याकडे डॉक्टर आहेत, ते बघतील. आपल्याला एक रविवार काढायचाय."

"मोडकी वस्तू विकतोयस, स्किप."

"मी तुझं घर वाचवतोय, गाढवा! तू छत्तीस वर्षांचा आहेस. संघ बंद झाला तर तुला कोण ठेवणार?"

ऑगी बाहेर आला. घरी जेवताना त्याने रोझालियाला सारे सांगितले. ती कोबीची गुंडाळी वाढता वाढता थांबली. "मग त्या येणाऱ्या माणसालाच सांग," ती म्हणाली.

"पोरगा मला जन्मात माफ करणार नाही."

"नको करू दे," रोझालिया म्हणाली.

रविवार उजाडला. उन्हाने मैदान भाजून निघाले होते. मोठ्या संघाचा माणूस आला. गवती टोपी, शांत आवाज. खेळाआधी तो आमच्या बाकापाशी आला आणि ऑगीशेजारी बसला. मला उचलून त्याने उलटेसुलटे पाहिले, खळग्यावरून बोट फिरवले.

"तू त्याचा कॅचर," तो म्हणाला. "लांबून मला वेग दिसतो. हात कसा आहे ते तुलाच ठाऊक. कसा आहे?"

पलीकडे कुंपणाशी डेल्बर्ट उभा होता. ऐकू येण्याइतका जवळ नव्हता, पण काय विचारले जात आहे ते त्याला कळले होते. त्याने सकाळीच दाढी केली होती, हनुवटीला कापले होते. तो नुसता बघत होता.

ऑगीने त्याच्याकडे पाहिले. मग स्वतःच्या बुटांकडे पाहिले.

"चांगला आहे," ऑगी म्हणाला. "काही काळजी नाही."

त्या माणसाने मान डोलावली आणि मला परत दिले. ऑगीच्या तळहाताला घाम सुटला होता. उन्हाचा घाम मला चांगला ओळखता येतो. तो उन्हाचा नव्हता.

पहिले दोन डाव ऑगी संथ चेंडूंच्याच खुणा करीत राहिला. डेल्बर्ट मान हलवी, नाही. ऑगी पुन्हा तीच खूण करी. डेल्बर्ट पुन्हा नाही म्हणे. तिसऱ्या डावात पोरगा स्वतःच चार पावले पुढे आला. ऑगी उठला.

"तो माणूस मला असं हळू हळू फेकताना बघायला आलाय का?" डेल्बर्ट कुजबुजला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पोरा, अजून वेळ आहे. दुखतंय म्हणून सांग आणि उतर."

"तू सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"मग झालं तर. आता मला फेकू दे."

ऑगी परत येऊन बसला. त्याने काहीच खूण केली नाही. त्याने फक्त मला उघडून समोर धरले.

पहिला चेंडू आला. मित्रांनो, तसा चेंडू माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. फलंदाजाची बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. दुसरा आला, तसाच. बाकांवरची माणसे उभी राहिली. गवती टोपीवाला पुढे झुकला. तिसऱ्या चेंडूवर फलंदाज बाद झाला आणि मॅक्निफने आपली टोपी हवेत उडवली.

पुढचा फलंदाज आला. डेल्बर्टने हात मागे नेला, पुढे आणला, आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो प्लेटपर्यंत ऐकू आला. चेंडू अर्ध्या वाटेत जमिनीवर पडला आणि गवतातून घरंगळत, हळूहळू आमच्याकडे आला. ऑगी गुडघ्यांवर बसून होता. चेंडू माझ्यापाशी येऊन थांबला.

डेल्बर्ट उंचवट्यावर वाकून उभा होता. उजवा हात डाव्या हाताने धरलेला.

बाकांवरून कुणीतरी म्हणाले, "गेला, बगळ्याचा पंख गेला!" आणि दोघे-तिघे हसले. मॅक्निफ हसला नाही. तो वळून म्हणाला, "तोंड बंद कर, भाड्या." गवती टोपीवाला उठला होता. जाताना तो आमच्या बाकाजवळ थांबला, ऑगीकडे बघत राहिला, आणि निघून गेला. चेंडू फेकायला दुसरा आला. खेळ पुढे चालू झाला. आम्ही हरलो.

डॉक्टरने कोपर तपासून सांगितले की आतला अस्थिबंध तुटला आहे. हा हात आता चेंडू फेकणार नाही, कदाचित पूर्ण सरळही होणार नाही. "सुरुवातीलाच थांबला असतात तर भरून आलं असतं," तो म्हणाला. ऑगी दारात उभा राहून ते ऐकत होता.

डेल्बर्ट बसने घरी गेला. ऑगी त्याची पेटी घेऊन थांब्यापर्यंत आला. बस आली तेव्हा डेल्बर्टने सवयीने उजवा हात पुढे केला, मग ओशाळून डावा केला.

राहिलेला उन्हाळा आम्ही हरत काढला. आमच्या खाली कुणी नव्हते. हिवाळ्यात संघ बंद झाला, मैदानावर लाकडाची वखार झाली. क्रेल दुसऱ्या गावी गेला. ऑगी बारा महिने भट्टीवर जाऊ लागला आणि मला तळघरातल्या फळीवर ठेवून दिले गेले. त्याने मला पुन्हा हातात घातले नाही. तेव्हाच उंदराने मला कुरतडले.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी दुपारी दार वाजले. रोझालियाचा आवाज मला वरून ऐकू आला, "अगं बाई! डेल्बर्ट!" थोड्या वेळाने ऑगीची पावले जिन्यावर वाजली. त्याने मला वर नेले. पाहुण्यानेच मला मागितले होते.

डेल्बर्ट जाडसर झाला होता. खाणीत त्याला घेतले नव्हते. वाकड्या हाताच्या माणसाला आत कोण उतरवणार? तो वर, आलेला कोळसा तोलायच्या काट्यावर बसे. भाऊ गेला होता. त्याला दोन मुली होत्या. कॉफीचा कप त्याने डाव्या हाताने उचलला.

मग त्याने तोच डावा हात माझ्यात घातला. अंगठ्याने खळगा चाचपला.

"इथे लागायचा?"

"इथेच," ऑगी म्हणाला.

"म्हाताऱ्या, मी तुला जुलैत सांगितलं. त्याच्या आधी तुला काही कळलं होतं?"

रोझालियाने शेगडी बारीक केली. ऑगीने टेबलावरचे पावाचे तुकडे तळहाताने एका जागी गोळा केले. त्याला नाही म्हणता आले असते. कुणाला कळले नसते.

"जूनमध्ये," ऑगी म्हणाला.

"जूनमध्ये," डेल्बर्ट म्हणाला. "मलाच जूनमध्ये माहीत नव्हतं."

"मला होतं."

"मग बोलला का नाहीस?"

ऑगीने ते तुकडे मुठीत घेतले. "तू फेकायचास तेवढ्याच दिवशी आपण जिंकायचो, पोरा."

डेल्बर्टने माझ्यातून हात काढला आणि मला टेबलावर ठेवले, हळूच, कपाला धक्का लागू नये असे. रोझालियाने वाटेत खायला बांधून दिले ते त्याने घेतले, तिचे आभार मानले आणि तो गेला. पुन्हा कधी आला नाही.

मित्रांनो, मी चामड्याचा. मला कळले तरी बोलता आले नाही. तुम्हाला बोलता येते. कुणाचे दुखणे त्याच्या आधी तुम्हाला कळले, तर त्याला सांगा. तो चिडेल, कदाचित तुमचे तोंड पाहणार नाही, तरी सांगा. आणि त्याच्या जोरावर तुमचे चांगले चालले असेल, तर उद्यावर टाकू नका.