मानाचं टेबल

मूठवालीने डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावलं. टेबलावर पांढरं कापड होतं, काचेच्या पेल्यात एक फूल होतं आणि खुर्ची एकच होती. खिडकीतून ट्रक उभे करायचा तळ दिसत होता. साहेबांच्या मते तो देखावा होता.

पाठीमागे कँटीनच्या लांब टेबलाशी छत्रीच्या कारखान्यातली बाकीची मंडळी दाटीवाटीने जेवत होती. आज तिकडून हसण्याचा आवाज नव्हता. चमच्यांचा होता.

महिन्याचा उत्तम कर्मचारी निवडायचा, ही नव्या साहेबांची कल्पना. बक्षीस म्हणजे महिनाभर जेवायला स्वतंत्र टेबल. मूठवाली छत्रीला मूठ बसवायची. हे शेवटचं काम, त्यामुळे तयार छत्र्यांची मोजणी तिच्यापाशी व्हायची. काडीवालीने काड्या जोडल्या, काकांनी कापड शिवलं, आणि साहेबांना दिसली ती मूठ. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. फोटोत ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती.

साहेबांचं मन धुतल्या तांदळासारखं होतं, यात वाद नाही. पण माणसाला वाळीत टाकायला एरवी काहीतरी गुन्हा लागतो. साहेबांनी ते टाळ्यांच्या गजरात केलं होतं.

नळाशी काडीवाली भेटली. इतकी वर्षं दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात आल्या होत्या.

“काय बाईसाहेब, काय होतं आज डब्यात?”

“तुला आवडतं तेच.”

“आम्हाला काय त्याचं! आम्ही आपले गर्दीतले.”

“अगं, मी मागितलं होतं का ते टेबल?”

“नकोही म्हणाली नाहीस.”

हे मात्र खरं होतं. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून धरली होती. नको म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडणं झालं असतं.

इकडे कारखान्यात वेगळीच चुरस लागली. पुढच्या महिन्याचं बक्षीस आपल्या गळ्यात पडू नये, म्हणून जो तो बेताने काम करू लागला. काका तर चांगलं शिवलेलं उसवून पुन्हा शिवत बसले.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मूठवाली साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब दार लावून, भिंतीकडे तोंड करून, मोठ्या समाधानाने जेवत होते.

“साहेब, रागावू नका, पण ते टेबल परत घ्या.”

“का? खुर्ची डुगडुगते का?”

“खुर्ची झकास आहे. शेजारी कोणी नाही.”

“अहो, तेच तर बक्षीस!” साहेब कळवळून म्हणाले. “आमच्या घरी ढीगभर भावंडं. एकदा तरी एकट्याने, शांतपणे जेवायला मिळावं, एवढंच लहानपणी वाटायचं. माझ्या हातात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं मी तुम्हाला.”

मूठवाली एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

“मी एकुलती एक,” ती म्हणाली. “आई कामावर जायची, ताट झाकून ठेवून. मी घड्याळाशी बोलत जेवायचे.”

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला.

“मग काय देऊ तुम्हाला?”

“काडीवालीच्या शेजारची माझी जागा.”

“ती तर तुमचीच आहे.”

“असं तुम्ही म्हणता. तिकडे विचारा.”

दुसऱ्या दिवशी साहेब आपला डबा घेऊनच कँटीनमध्ये आले. लांब टेबलाशी सगळ्यांचे घास थांबले.

“यांना मी तिकडे बसवलं,” ते म्हणाले. “यांनी मागितलं नव्हतं. यांना इथेच बसायचंय.”

मग काडीवालीने मान वर न करता आपला डबा हातभर सरकवला.

“या, उत्तम कर्मचारी. येताना पाण्याचा जग घेऊन या. उत्तमपैकी भरून.”

काका ठसका लागेपर्यंत हसले. मूठवालीने जग भरून आणला आणि जागेवर बसली. तिने डबा उघडायच्या आत काडीवालीनेच तो उघडला.

साहेब अजून उभेच होते. मग ते हळूच खिडकीजवळच्या त्या टेबलाशी गेले, ट्रकांकडे तोंड करून बसले.

काडीवालीला राहवेना. “बिचारा माणूस, एकटाच. बोलावते इकडे,” म्हणत ती उठू लागली.

मूठवालीने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“जेवू दे गं त्यांना सुखाने.”