पोटात घड्याळ असलेला घोडा

पोलीस मित्र व्हायला फारसं काही लागत नाही. दोन फोटो, चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि घरी बसलेला मुलगा. पहिल्या दोन गोष्टी मी दिल्या, तिसरी बाबांनी. "तसाही दिवसभर खिडकीतून लोकांकडेच बघतोस, आता सरकारसाठी बघ," म्हणून त्यांनी मला चौकीवर धाडलं. तिथल्या हवालदारांनी मला पिवळं जॅकेट, शिट्टी आणि टॉर्च दिला. जॅकेटात माझ्यासारखे दोघे मावले असते. मग निदान एक तरी शहाणा निघाला असता.

काम साधं होतं. दुपारी इमारतींमधून फिरायचं आणि कुणाचं दार उघडं दिसलं तर सावध करायचं. "बेल वाजवायची. आत पाऊल टाकायचं नाही," हवालदारांनी बजावलं. "आपण मित्र आहोत, पाहुणे नाही."

हे मी बराच काळ, म्हणजे माझ्या मावशीच्या दारापर्यंत, लक्षात ठेवलं.

मावशीचं दार सताड उघडं होतं. ती शेजारी गप्पा मारत होती, हसणं जिन्यापर्यंत येत होतं. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले काका आतल्या खोलीत झोपले होते. त्यांचं सगळं करायला कामावर ठेवलेल्या ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. आणि दाराजवळच्या टेबलावर काकांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेला पितळी घोडा उभा होता. घोड्याच्या पोटात घड्याळ. जन्मभर घोड्यासारखं राबवून शेवटी घोडाच हातात देणाऱ्या त्या ऑफिसचं मला नेहमी कौतुक वाटायचं.

बेल वाजवली असती तर मावशी म्हणाली असती, "अय्या, तू होय!" आणि माझी पाठ वळताच दार पुन्हा उघडं पडलं असतं. तेवढ्यात मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचते तेव्हा घरचे नेहमी काळजीत पडतात, पण त्या दिवशी घरचं कुणी जवळ नव्हतं. रविवारी त्याच इमारतीच्या सभेत मी 'आपलं दार, आपली जबाबदारी' या विषयावर बोलणार होतो. भाषण रंगात आलं की पिशवीतून घोडा काढायचा. लोक थक्क, मावशी ओशाळी, हवालदार खूश.

घोडा जॅकेटखाली आरामात मावला. जिन्यात तळमजल्यावरचे आजोबा भेटले.

"ड्यूटी?"

"ड्यूटी," मी म्हणालो. घोडा टिकटिक करत होता.

रविवारी मी बोलायला उठणार, तोच मावशी उठली.

"माझ्या भाच्याने माझे डोळे उघडले बरं का! येता-जाता सांगायचा, मावशी, चोर घरातलाच असतो. आणि बघा, यांचा घोडा गेला! आमच्या ताई साळसूदपणे मलाच विचारतात, घोडा कुठे ठेवलात, पुसायचा होता! मी म्हटलं, थांबा. सगळ्यांसमोर जिन्यात त्यांना पिशवी रिकामी करायला लावली. डबा, छत्री, मुलीच्या शिवायला टाकायच्या चपला. घोडा नाही. म्हणजे आधीच विकला असणार. त्याच पावली काढून टाकलं."

टाळ्या पडल्या. घोडा माझ्या पायाशी पिशवीत होता.

गप्प बसणं सोपं होतं. मी बसलोही. पाणी प्यायलो. जॅकेटची चेन वर केली, खाली केली. रात्री गुपचूप मावशीच्या टेबलावर घोडा ठेवून येता येईल, असाही विचार करून झाला. पण डोळ्यांसमोर जिन्यात मांडलेल्या त्या चपलाच येत होत्या. मी घोडा काढून सभेच्या टेबलावर ठेवला.

"मी नेला होता."

मावशी किंचाळली, "सापडला! बघा, शोधून काढलाच पोराने!"

"शोधला नाही, मावशी. चोरला."

"किती मोठं मन," मागून कुणीतरी म्हणालं. "बाईच्या चोरीवर पांघरूण घालतोय."

"अहो, दार उघडं होतं. जॅकेटखाली घालून नेला!"

"मी स्वतः पाहिलंय याला," तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले. "ड्यूटीवर होता."

पुन्हा टाळ्या. हवालदार तेवढे वाजवत नव्हते. ते शांतपणे जवळ आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"जॅकेट."

मी काढून दिलं. तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. मावशी खुर्चीत बसली ती माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेलो. एकच खोली, कोपऱ्यात मुलगी अभ्यास करत होती. मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ताईंनी विचारलं, "कबूल कुठे केलंत?"

"सभेत. सगळ्यांसमोर."

"माझी पिशवी सभेत नव्हती उघडली," ताई म्हणाल्या. "जिन्यात उघडली होती."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंसमोर जिन्यातल्या त्याच पायरीवर माझी पिशवी उलटी केली. जी दारं बंद ठेवायला मी महिनाभर घसा कोरडा केला, ती झाडून सगळी उघडली होती. शिट्टी. टॉर्च. बिस्किटांचा अर्धा पुडा. माझं भाषण, त्यात 'चोर घरातलाच असतो' ही ओळ दोनदा अधोरेखित केलेली. ताईंनी एकेक वस्तू नीट पाहिली.

"चुकलं हो माझं," मावशी दारातून म्हणाली. "आत या ना. हे दुसऱ्या कुणाच्या हातून घासच घेत नाहीत."

ताई आत गेल्या. बराच वेळ ताटलीवर चमचा वाजत होता. काकांचा हुंकारही ऐकू आला. मी तसाच उभा होतो. माझी बिस्किटं सगळी इमारत बघत होती.

ताई बाहेर आल्या आणि चपला घालू लागल्या.

"जेवलेत. आता कुशीवर वळवा त्यांना."

"म्हणजे... उद्यापासून येताय ना?" मावशीने विचारलं.

"नाही."

खाली उतरताना त्या माझ्याजवळ थांबल्या.

"भरा आता पिशवी."

मी खाली बसून एकेक वस्तू पिशवीत टाकू लागलो. एकही दार बंद झालं नाही.