पंचेचाळीसच्या खाली नको

वेर्ना काल्वोडाने अंगठ्याने खटका खाली दाबला, वर सरकवला, पुन्हा खाली दाबला. मग ते पोलादी पिस्तूल तिने काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून, पाचच मिनिटांपूर्वी शिकवलं होतं तसं.

“ही कोल्टची सेफ्टी,” दुकानदार हॉलिस ट्रॅमेल म्हणाला. “खटका वर असला की चाप कितीही ओढा, काही होणार नाही. खाली केलात की तयार. आता हे धरा.”

दुसरं काळं होतं, चौकोनी, जाड, प्लास्टिकच्या मुठीचं. तिने अंगठ्याने चाचपून पाहिलं.

“शोधू नका बाई, ग्लॉकला तसला खटका नसतो. बोट चापावर ठेवायचं आणि ओढायचं. मध्ये काही नाही.”

दोन्हींची गोळी तीच, पंचेचाळीसची. एकात आठ बसत, दुसऱ्यात तेरा. हे हॉलिसने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा कॉफीच्या यंत्राशेजारी स्टूल टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने नाक मुरडलं. त्याचं नाव डॉयल. तो काही विकत घ्यायला येत नसे. रोज सकाळी येऊन बसायचा आणि या एकाच विषयावर हॉलिसशी भांडायचा. वीस वर्षं झाली म्हणे.

“ते प्लास्टिक नका घेऊ बाई,” डॉयल म्हणाला. “माझी बायको तसल्या डब्यात उरलंसुरलं ठेवते.”

“याचं मनावर घेऊ नका. हा अजून गाडीला हँडल मारून चालू करतो.”

“मग? चालू होते ना.”

दोघे हसले. वेर्नाही हसली, कारण टेक्सासात अशा वेळी बायका हसतात. पुढची दहा मिनिटं ते दोघे तिच्या डोक्यावरून बोलत राहिले. पोलादाचं वजन धक्का कसा खातं, प्लास्टिक वाळूत पडलं तरी कसं चालतं, कुणाचा आजा कुठल्या युद्धात कुठलं घेऊन गेला होता. लोक ट्रॅक्टरबद्दल बोलतात तितक्याच मायेने. हे कशासाठी हवंय, हे तिला कुणी विचारलं नाही. तिथे ते विचारत नाहीत. त्याला सभ्यपणा म्हणतात.

ती शिक्षिका होती. पहिलीला शिकवायची, एकतीस वर्षं. टकर वेल्स या गावच्या शाळेत एकच इमारत, पहिली ते बारावी मिळून एकशे साठ पोरं, आणि शेरीफचा माणूस यायला चाळीस मिनिटं. ऑगस्टमध्ये शाळेच्या सुपरिटेंडेंटने पाच जणांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. हे पाच जण यापुढे शाळेत पिस्तूल बाळगतील. नावं गुप्त. नवऱ्याला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही. गावातल्या दुकानात घेतलं असतं तर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेआधी सगळ्यांना कळलं असतं, म्हणून ती नव्वद मैल गाडी हाकून इथे आली होती. नवऱ्याला, एमिलला, वाटत होतं की ती बहिणीकडे गेली आहे.

त्या खोलीत शेरीफकडचा एक निवृत्त डेप्युटी सल्लागार म्हणून आणला होता. तो म्हणाला, पंचेचाळीसच्या खाली नको. लहान गोळीने माणूस थांबत नाही, चालत राहतो. पिस्तूल आपापल्या हाताला बसेल ते आणा, सोमवारपासून प्रशिक्षण. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वेर्नाने त्याच दिवशी नाही म्हटलं होतं. सुपरिटेंडेंटने समजून घेतलं. मग तुमच्या जागी डर्कला देऊ, म्हणाला. डर्क म्हणजे फुटबॉलचा कोच. मागच्या हंगामात सामना हरल्यावर त्याने बसची काच बुक्कीने फोडली होती, आत पोरं बसलेली असताना. दुसऱ्या दिवशी वेर्नाने हो म्हटलं. मुख्य दारातून आत आलं की पहिला वर्ग तिचाच होता.

आणखी एक गोष्ट त्या खोलीत ठरली होती, ती अशी की कुठल्याही मुलाचं नाव घ्यायचं नाही. सुपरिटेंडेंटने तसं म्हटलं आणि पाचही जण खिडकीकडे बघायचं टाळू लागले. खिडकीबाहेर, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, ईस्टन एकटा बसला होता. नववीतला. बाप तेलाच्या विहिरींवर, दोन दोन आठवडे घरी नाही. आई कुठे गेली ते बापालाही माहीत नाही. त्याच्या वहीत नावांची यादी सापडली होती. वही काढून घेतली, त्याला तीन दिवस घरी बसवला, चौथ्या दिवशी तो परत आला, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर कुणी बसत नसे. शाळेत मुलांशी बोलायला ठेवतात त्या समुपदेशकाची जागा चार वर्षं रिकामी होती. त्या पोराशी बोलायला अख्ख्या गावातून एक माणूस निघाला नाही. त्याच्यासाठी गोळी किती जाडीची हवी ते ठरवायला मात्र समिती बसली, आणि समितीपुढे डोनट होते.

त्याला वाचायला वेर्नाने शिकवलं होतं. त्याला पहिलीला दोन वर्षं लागली. वाचताना तो तिच्या बाहीचं बटण धरून बसायचा.

“मारून बघितल्याशिवाय ठरवू नका,” हॉलिस म्हणाला. “मागे रेंज आहे. दोन्ही घेऊन चला.”

रेंज म्हणजे लांबट खोली, पलीकडच्या टोकाला रेतीचा ढीग. शनिवारची सकाळ असूनही दुसरं कुणी नव्हतं. हॉलिसने तिच्या कानांवर मफ चढवले, चष्मा दिला, मग तारेवरच्या चिमट्यांना माणसाच्या आकाराचा कागद लावून बटण दाबलं. कागद डुलत सात यार्डांवर जाऊन थांबला. वर्गाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, साधारण. हे अंतर सल्लागारानेच सांगितलं होतं.

आधी पोलादी. खटका खाली, श्वास, चाप. आठ गोळ्या झाल्या. हॉलिसने कागद जवळ ओढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आठही भोकं छातीत, एका बशीखाली झाकली जातील इतकी जवळ. शेतावर वाढल्या असणार तुम्ही, तो म्हणाला. ती वाढली होती. बाप तिला सापांवर नेम धरायला लावायचा.

मग ग्लॉक. मूठ तिच्या हाताला जाड होत होती. गोळ्या खाली, डावीकडे गेल्या, दोन तर कागदाबाहेर.

“मग यात ठरवायचं काय राहिलं?” हॉलिस म्हणाला. “डॉयलला सांगू नका, पण तुमचं पिस्तूल ते पोलादीच. हाताला बसलंय. गुंडाळून देतो.”

ती कागदाकडे बघत होती. हॉलिसने बोलता बोलता नवा लावला होता. त्यावर, काळ्या रंगात, रुंद खांद्यांचा, मान ताठ असलेला मोठा माणूस. त्याला चेहरा नव्हता.

“हा खाली घेता येईल?” तिने विचारलं.

“काय?”

“कागद. जरा खाली.”

हॉलिस म्हणाला, तारेची उंची ठरलेली असते, सगळे याच उंचीला मारतात. मग तिच्याकडे बघून तो बाहेर गेला आणि तारेचे दोन तुकडे घेऊन आला. त्यांचे आकडे करून त्याने कागद त्यांना अडकवला. कागद वीतभर खाली आला.

“एवढा?”

“आणखी.”

“बाई, किती ते सांगा. म्हणजे एकदाच वाकवतो.”

वेर्नाने उजवा हात उचलला आणि तळवा आडवा करून स्वतःच्या भुवईशी धरला. गेल्याच आठवड्यात ईस्टनने तिच्यासाठी शाळेचं दार धरलं होतं. ती बाजूने गेली तेव्हा त्याचा माथा तिथवर आला होता. उन्हाळ्यात वाढला होता. ती हात तसाच धरून उभी राहिली.

हॉलिस त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने आकडे वाकवले. त्याला वेळ लागला. तार बोटाला लागली तरी त्याने बोट तोंडात घातलं नाही, नुसतं पँटला पुसलं. कागद लावून, दोन्ही पिस्तुलं पुन्हा भरून तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

तिने पोलादी उचललं. नेम धरला. खटका अंगठ्याने खाली केला. चाप ओढला नाही. नेम हलत नव्हता, भिंतीवरचा पंखा दोन-तीनदा इकडून तिकडे फिरला. मग तिने खटका वर केला. पुन्हा नेम, पुन्हा खाली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने पिस्तूल ठेवूनच दिलं, तोंड भिंतीकडे करून.

तिने ग्लॉक घेतलं. हात वर आला आणि आवाज सुरू झाला, आणि तेरा होईपर्यंत थांबला नाही. ती वाईटच मारत होती. तरी सहा लागल्या.

“हे द्या,” ती मफ काढत म्हणाली.

“पोलादीने तुम्ही कितीतरी चांगलं मारता.”

“त्यात बघायला वेळ मिळतो.”

हॉलिसने ग्लॉक उचलून पेटीत ठेवलं. नव्या गिऱ्हाइकाला त्याने मारलेला कागद गुंडाळून, रबर लावून द्यायची त्याची रीत होती. लोक तो गॅरेजमध्ये लावतात. आज त्याने तो तारेवरच राहू दिला.

काउंटरवर डॉयलने काळी पेटी पाहिली आणि तोंड वेंगाडलं. डबाच घेतलात ना, तो म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा तो कॉफीकडे वळला. वेर्नाने सरकारी फॉर्म भरला. तुम्ही फरारी आहात का. तुम्हाला कोर्टाने कधी मनोरुग्ण ठरवलं आहे का. हे पिस्तूल तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का. शेवटच्या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं, मग तिने हो लिहिलं. हॉलिस फॉर्म घेऊन सरकारी तपासणीची मंजुरी घ्यायला फोनवर बसला आणि तिचं नाव अक्षरं फोडून सांगू लागला.

भिंतीवर घड्याळ होतं. मार्चमध्ये तिनेही असाच फोन केला होता, शाळेच्या मागच्या खोलीतून, शहरातल्या मुलांच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात. ईस्टनचं नाव तिनेही अक्षरं फोडून सांगितलं होतं. पलीकडची मुलगी गोड बोलायची. पालकांची सही लागेल, म्हणाली. वेर्नाने त्याच्या बापाला शोधून त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर सही घेतली. मग त्या मुलीने तारीख दिली, डिसेंबरची. त्याआधी काही, असं वेर्नाने विचारलं, तर ती म्हणाली, सगळेच थांबलेत हो.

हॉलिसने फोन ठेवला.

“झालं बाई. मंजूर.”

वेर्ना घड्याळाकडे बघत होती. चार मिनिटं.

“एवढ्यात?”

“तुमचं नशीब चांगलं. काही जणांना तीन-तीन दिवस थांबवून ठेवतात.” त्याने पेटी तिच्याकडे सरकवली.

तिने पेटीला हात लावला नाही.

“मी थांबले असते,” ती म्हणाली.