डी म्हणजे डी

विल्फ ट्रँटरने तीस वर्षं साउथॅम्प्टनच्या बंदरात टगबोट चालवली, दुसऱ्यांची जहाजं ओढून धक्क्याला लावली. निवृत्तीनंतर बायकोबरोबर तेरा क्रूझ केल्या, त्या सगळ्या ग्लेनिसच्या पसंतीच्या, उन्हातल्या. त्याला हवं असलेलं नॉर्वे कायम पुढच्या वर्षावर. मग त्याचे स्नायू एकेक करून निकामी होत गेले आणि डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं नाव काढणं बंद केलं.

तेव्हा कुठे ग्लेनिसला जाग आली. तिने 'लेडी कॉन्स्टन्स' जहाजावर नेहमीच्या डी वर्गाची खोली घेतली. बाल्कनी, आणि पलंगावरून थेट समुद्र. दहा मिनिटं बसवलं तरी विल्फला धाप लागायची, तेव्हा नॉर्वे बघायचं ते पलंगावरूनच.

निघायला तीन आठवडे उरले आणि ते जहाज दुरुस्तीला गेलं. बुकिंग 'लेडी रोझमंड'वर हलवायला एजन्सीतल्या कर्स्टीचा फोन आला, तेव्हा ग्लेनिस स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला. पुढच्या खोलीत विल्फ डोळे मिटून पडला होता.

"मिसेस ट्रँटर, अक्षर तेच असलं तरी खोली तीच नसते हं. या जहाजावर डी म्हणजे नुसती खिडकी, बाल्कनी नाही. नकाशात खोलीवर छोटा त्रिकोण असेल तर समोर अडथळा. मी नकाशा पाठवलाय, एकदा बघून घ्या. मोकळा समुद्र हवा तर बी घ्या. दोनच उरल्यात."

"कर्स्टीबाई, ही माझी चौदावी सफर. कंपनीचा सोनेरी बिल्ला आहे माझ्याकडे. दरवेळी तुम्ही वरचा वर्ग गळ्यात मारायला बघता. डी म्हणजे डी."

"निदान संध्याकाळपर्यंत—"

"डी."

नकाशा तिने उघडलासुद्धा नाही. क्रूझ क्लबातल्या नवख्या बायकांना वर्ग समजावून सांगणारी बाई ती, तिला कोण शिकवणार!

जहाजावर खोलीत शिरले, तर खिडकीसमोर लाइफबोट होती. भगवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर हातभर आकाश दिसायचं, खाली काही नाही. ग्लेनिस तडक स्वागतकक्षात गेली, बिल्ला दाखवला, आवाज चढवला, शेवटी रडली. जहाज गच्च भरलेलं होतं. कोणीच खोली बदलून देईना.

"कंपनीने फसवलं आपल्याला," ती परत येऊन विल्फला म्हणाली.

"असं होय," विल्फ म्हणाला. त्याचे शब्द आता एकेक करून, श्वास घेत यायचे.

खोटं एकदा बोलली आणि मग आठवडाभर तेच बोलत राहिली. चहा आणणाऱ्या पोऱ्याला सांगितलं, शेजारच्या जोडप्याला सांगितलं, दरवेळी विल्फच्या देखत. तो लाइफबोटीकडे बघत पडून राही.

फ्योर्डमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या कड्यांमधल्या खाडीत, शिरायच्या सकाळी ती वरच्या डेकवर गेली आणि तिथून तिने त्याला फोन लावला. पलंगाशी बसलेल्या जहाजावरच्या नर्सने तो त्याच्या कानाशी धरला.

"विल्फ, कडे सरळ पाण्यातून वर गेलेत. धबधबे आहेत. सात... नाही, आठ."

"पाणी... कसल्या रंगाचं?"

ती कठड्यावरून वाकली. हिरवं म्हणावं तर निळं होतं. तिला सांगता येईना.

"हिरवं," ती म्हणाली.

"हं. बोटीवर लिहिलंय... दीडशे माणसं. पाठ झालं."

ग्लेनिसने फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसून राहिली. आजूबाजूची माणसं फोटो काढत होती. तिला स्वतःची चीड आली.

परतीच्या शेवटच्या दुपारी कंपनीचा अभिप्रायाचा कागद आला. नॅपकिन बांधून ती विल्फला सूप भरवत होती; सूप संपल्यावर चष्मा लावून लिहायला बसली.

"'खोली तुम्हाला सांगितल्याप्रमाणेच होती का?' नाही. चांगलं ठळक लिहिते."

"'हो' लिही."

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे नव्हे, बोटीकडे बघत होता.

"त्या पोरीची... नोकरी जाईल. तिने सांगितलं होतं... त्रिकोणाचं. नकाशा बघा म्हणाली ती."

ग्लेनिसच्या हातातलं पेन थांबलं. म्हणजे इस्त्रीच्या वेळी तो जागा होता. आठवडाभर तिचं प्रत्येक खोटं त्याने ऐकून घेतलं होतं, आणि त्याआधीचे तीन आठवडे, ती बॅगा भरताना गात होती तेव्हाही, काय दिसणार हे त्याला माहीत होतं.

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो होतो की," विल्फ म्हणाला. "फोन झाल्यावर... नकाशा बघ म्हटलं. तू म्हणालीस... झोप."

तिला ते आठवलं. तिने 'हो'च्या चौकोनात खूण केली.